रिकामी चौकट

“आधी वाईट सांगायचं. चांगलं काय, ते दारात ताटकळत उभं राहतं, त्याचं काही बिघडत नाही. वाईट थांबत नाही.”

बाबांचा आवाज असा कुठेही गाठायचा धाकटीला. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आवाजाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते कारखान्याच्या बॉयलरवर होते, आणि पाळी संपवून निघताना पुढच्या माणसाला कुठली झडप चिकटतेय, कुठला काटा खोटं बोलतोय हे पहिल्यांदा सांगायचं, ख्यालीखुशाली नंतर, हा तिथला रिवाज त्यांनी घरीही आणला होता. शाळेतून आलं की, “काय अडलं ते आधी.” मग पहिला नंबर आला असला तरी तो दप्तरात मुकाट बसून राहायचा. ताईला या प्रकाराचा भारी राग. ती दारातूनच ओरडत यायची, चित्रकलेत पैकीच्या पैकी, आणि गणित कुठल्या कुठे दडपून टाकायची. धाकटी मात्र निमूटपणे आधी वाईट सांगायची, हळू आवाजात, जमिनीकडे बघत. आणि आज, इस्पितळाच्या तपासणी विभागात, ताईच्या काखेतल्या गाठीचा रिपोर्ट घ्यायला, काचेच्या खिडकीसमोर तिचा घामेजला हात हातात धरून ती उभी होती, खिडकीमागच्या बाईनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला होता, आणि बाबांचा आवाज कानाशी येऊन थांबला होता. पडद्यावर एकाखाली एक अशा दोन चौकटी होत्या. वरच्या चौकटीवर लिहिलं होतं, नमुन्याचे वर्णन. खालच्या चौकटीवर, आढळलेल्या बाबी. दोन्ही रिकाम्या. दोन्हींच्या कडा हिरव्या.

“हिरवं आहे,” खिडकीमागची बाई म्हणाली. “हिरवं म्हणजे सरळ घरी जायचं. लाल असलं तर डॉक्टर स्वतः फोन करतात.”

ताईनं हात सोडवून घेतला आणि तोंडावर दाबला. खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय हे धाकटीला कळेना, बहुतेक ताईलाही कळत नसावं. मग ती ओल्या आवाजात म्हणाली, “बघ ना, एवढे दिवस मरणाची तालीम केली. भूमिका तोंडपाठ झाली, आणि आता म्हणे नाटकच रद्द.” खिडकीमागची बाईही हसली. मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. धाकटीही हसली, म्हणजे तिचे ओठ तसे झाले. नजर मात्र वरच्या चौकटीवरून हलत नव्हती. खालची रिकामी असावी म्हणून तर नवस बोलायचे. पण वरची? निरोगी मांसाच्या तुकड्यालाही रंग असतो, आकार असतो. तपासणाऱ्यानं भिंगाखाली तो पाहिला असेल तर एक ओळ तरी लिहिली असेल. फिकट, मऊ, वाटाण्याएवढा, असं काहीतरी. काहीच नाही असा तुकडा जगात नसतो. वर्णन रिकामं कधी असेल? वाचणाऱ्यापर्यंत काही पोहोचलंच नसेल तेव्हा. आणि पोहोचलं नाही तरी चौकट हिरवी, नीटनेटकी, शांत कशी राहते, हे त्या अख्ख्या खोलीत एकट्या तिलाच माहीत होतं. कारण ती सोय तिनं केलेली होती.

बाहेर पडताना ताई पायऱ्या उतरत नव्हती, उड्या मारत होती. या वयात, दंडाखाली टाक्यांची जागा अजून ओली असताना. “हळू,” धाकटी म्हणाली. “तू आणि तुझं हळू,” ताई म्हणाली. “तुला ना, देवानं आवाज देताना कंजुषी केली आणि मला देताना हात सैल सोडला. चल, तू कामावर जा. मी घरी जाऊन सगळ्यांना फोन करते. आधी लेकीला.” रस्त्यापलीकडे फुलवाल्याच्या बादल्या उन्हात चमकत होत्या. ताईनं पिवळी फुलं घेतली, कोणासाठी ते न ठरवताच, आणि त्यातलं एक तोडून धाकटीच्या पिशवीच्या बंदात खोवलं. आता सांगावं. आत्ता, बस यायच्या आत. धाकटीनं तोंड उघडलंही. पण ताईचा चेहरा असा मोकळा झाला होता की त्याच्यावर शब्द टाकणं म्हणजे झोपलेल्या बाळावर पाणी टाकण्यासारखं वाटलं. बस आली. ताई चढली. खिडकीतून तिनं फुलांसकट हात हलवला.

धाकटी ज्या कामावर गेली ते काम चार माणसांत सांगायची सोय नव्हती. भावोजींनी, ताईच्या नवऱ्यानं, कितीदा विचारलं होतं, नक्की करतेस काय गं तू? तिनं एकदा त्यांना समजावून सांगितलं होतं, जेवणाच्या टेबलावर, दोन खणांचा डबा पुढे ओढून. समजा, दुसऱ्यांना प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून आम्ही हत्यारं बनवतो. आमच्याकडचा प्रत्येक निरोप असा डब्यातून जातो. डब्याला दोन खण. एकाचं नाव ‘अडलं’, दुसऱ्याचं ‘मिळालं’. एका वेळी एकच भरलेला. ‘मिळालं’ असेल तर पुढचा माणूस ते घेऊन पुढचं काम करतो. ‘अडलं’ असेल तर पुढचे सगळे नुसता डबा हातोहात पुढे देतात, कोणी उघडत नाही, थेट शेवटी जो बसलाय त्याच्यापर्यंत. “म्हणजे तुम्ही डब्यांना नावं ठेवता,” भावोजी म्हणाले होते, “आणि त्याचा पगार घेता.” सगळे हसले होते. पण खरं होतं ते. डब्यांना नावं देणं हेच तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ‘अडलं’ हा खण पहिला यायला हवा, उजवीकडे नाही, डावीकडे, वाचताना आधी तोच लागला पाहिजे, यासाठी ती बैठकांमधून चिवटपणे बसून राहिली होती. का, असं विचारलं की ती म्हणायची, तसं बरं असतं. बॉयलरचं कोणाला सांगणार.

आणि मग ‘सांभाळून’. बसमध्ये दांडा धरून उभी असताना ते नाव तिच्या घशात आलं आणि तिथेच बसलं. लोकांना कायम सगळं अडवून ठेवणं परवडत नाही. एखाद्या दुकानाच्या पडद्यावर चित्र सापडलं नाही, तर सगळं दुकान बंद करायचं का? करड्या रंगाचा चौकोन दाखवा आणि पुढे चला. म्हणून एक हत्यार हवं होतं. ‘अडलं’ आलं तर त्याच्या जागी तू देशील ते ‘मिळालं’ म्हणून पुढे ठेवायचं. एवढंच. पण त्याचं नाव काय? पंतोजी, म्हणजे तिच्या शेजारी बसणारा तिचा जोडीदार, सगळ्यांच्या चुका काढतो म्हणून सगळ्यांनी मिळून ठेवलेलं ते नाव, तो म्हणाला होता, “‘गिळून’. सरळ ‘गिळून’ ठेवा. लिहिताना माणसाच्या घशात अडकलं पाहिजे. चारदा विचार करील.” तिला ते कसंसंच वाटलं होतं. “लोकांनी दिवसभर हे हातानं लिहायचं? गिळून, गिळून? बरं नाही वाटत ते.” मग तिनं ‘सांभाळून’ सुचवलं. तिच्या आवाजाला नाही म्हणणं लोकांना जड जाई. मोठ्यानं बोलणाऱ्याशी भांडता येतं, हळू बोलणाऱ्याशी भांडलं की आपणच दांडगट दिसतो. पंतोजीनंही हात वर केले. “ठीक आहे बाई. तुझ्या आईनंच ठेवलं असतं हे नाव.” त्यानं गमतीनं म्हटलं होतं. तो तिच्या आईला कधी भेटलाही नव्हता.

पण ठेवलं असतंच आईनं. आई सांभाळून घ्यायची. बाबांचा हात वाफेनं भाजला तेव्हा फडक्यातल्या हातावर पदर टाकून आई म्हणाली होती, काही नाही गं, लागलंय जरा. भाडं थकलं तेव्हा काही नाही. काकांनी बोलणं टाकलं तेव्हा काही नाही. आणि शेवटी स्वतःच्या छातीत गाठ लागली तेव्हा तर तिनं कमालच केली, ताई सुट्टीला आली असताना दोघी मुलींना जवळ घेऊन म्हणाली, मला ना हल्ली थकवा येतो, वय झालं. ताई तेव्हा परगावी शिकायला होती. ती परत आली तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, आई ओळखत होती की नाही हेही कळत नव्हतं. ताईनं त्यावर कधी तोंडातून शब्द काढला नाही. फक्त एकदा, कपडे वाळत घालता घालता, पाठमोरीच म्हणाली होती, “मला कोणी सांगितलं असतं तर मी परीक्षा सोडून आले असते. एवढंच.” धाकटी तेव्हा चिमट्यांची टोपली धरून उभी होती. तिला सगळं माहीत होतं त्या काळात. आईनं तिला शपथ घातली होती. शपथ मोडायची नसते, हे तिला तेव्हा फार स्वच्छ दिसत होतं. आता बसच्या काचेत तिला आपला चेहरा दिसला, आणि त्यावर आईचं ते ओठ मिटलेलं हसू. तिनं मान वळवली.

कचेरीच्या जिन्यात मधल्या वळणावर एक खिडकी होती, तिथे कोणी येत नसे. रोज सकाळी ती तिथे घटकाभर हात जोडून उभी राहायची. मागायचं काही नाही, हा तिचा नेम. जे आहे त्याला हात जोडायचे, बस. आज उशीर झाला होता तरी ती थांबली. आणि आयुष्यात पहिल्यांदा नेम मोडून मागावं असं मनात आलं, तर मागता येईना. काय मागणार? नमुना काढून झाला होता. तो चांगला होता की वाईट हे कधीच ठरून गेलं होतं, कुठल्यातरी काचपट्टीवर सुकून बसलं होतं, कोणी वाचो न वाचो. होऊन गेलेलं बदल, असं देवाला म्हणायचं म्हणजे त्यालाच सांभाळून घे म्हणण्यासारखं. तिनं जोडलेले हात सोडले. कठड्यावर धूळ होती, तिच्यात तिच्या बोटांचे ठसे उमटले. पिशवीच्या बंदातलं पिवळं फूल एव्हाना मान टाकून बसलं होतं.

“आला रिपोर्ट?” पंतोजीनं मान न वळवताच विचारलं. त्याच्या पडद्यावर नव्या आवृत्तीची कामं पसरली होती; आठवडाअखेर ती बाहेर जायची होती, आणि एकदा गेली की त्यातली नावं वर्षानुवर्षं हलत नसतात.

“आला. हिरवा आहे.”

“मग तोंड गोड कर की. अशी काय उभी, दुसऱ्याचा पेपर लिहून आल्यासारखी?”

“वर्णनाची चौकट पण रिकामी आहे.”

आता तो वळला. या माणसाला फार सांगावं लागत नसे, हे त्याचं चांगलं, आणि आज तेच वाईट वाटलं. त्यानं चष्मा काढला. “नमुना काढला होता ना? नक्की?”

“मी बाहेरच बसले होते. टाके पडलेत तिला.”

“म्हणजे काहीतरी होतं. त्याला रंग असणार.”

“असणार.”

“आणि ते लोक आपलंच वापरतात.” हा प्रश्न नव्हता. दोघांनाही माहीत होतं. तपासणी विभागाचं काम मिळालं तेव्हा तिला आनंद झाला होता, माणसाच्या उपयोगी पडतंय काहीतरी, दुकानांच्या चित्रांपलीकडे. पंतोजी उठला, फोन घेऊन खिडकीशी गेला. तपासणी विभागाच्या संगणकांचं बघणारा कोणी त्याच्या ओळखीचा होता. धाकटीला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. हो, हो. नाही, तक्रार नाही. बघून सांगतोस? मग तो पलीकडच्याची वाट बघत थांबला. त्या वेळात तिनं टेबलावरची पेन्सिल उचलली, टोक बघितलं, ठेवली, पुन्हा उचलली. समोरच्या भिंतीवर पंतोजीनंच चिकटवलेला कागद होता: नाव असं ठेवा की चूक करताना लाज वाटेल. किती दिवस तो तिथे होता, आणि तिला तो फक्त विनोद वाटत आला होता. पंतोजी परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा पंतोजी गेला होता, नुसता माणूस उरला होता.

“वापरलंय. नमुना वाचणाऱ्या यंत्राकडून उत्तर आलं नाही तर ‘सांभाळून’, आणि हातात रिकामी यादी. यादी रिकामी म्हणजे काही आढळलं नाही, म्हणजे हिरवं.” तो थांबला. “तो म्हणाला, तुमच्याच माहितीपुस्तिकेत असं उदाहरण दिलंय.”

दिलं होतं. तिनं लिहिलं होतं. चित्रांच्या यादीचं उदाहरण होतं ते, यादी मिळाली नाही तर रिकामी धरा आणि पुढे चला. इतकं सोपं, सुटसुटीत, वाचणाऱ्याला धीर देणारं. तिला आठवलं, ते लिहिताना तिला छान वाटलं होतं.

“म्हणजे ताईचा…”

“म्हणजे काहीच नाही,” पंतोजी घाईनं म्हणाला. “ऐक. खरोखरच रिकामा असू शकतो. कधी कधी तपासणारे वर्णन भरायचा कंटाळा करतात, तो स्वतःच म्हणाला. बहुतेकांचे रिपोर्ट हिरवेच असतात. तुझ्या ताईचाही असेल.”

“कळणार कसं?”

“नमुन्याची मूळ काच बघून. पण फोनवर कोणी तोंड उघडणार नाही, आणि परक्याला तर नाहीच. तिनं सही केलेला कागद घेऊन घरचं माणूस गेलं तर आजच्या आज बघतात. संध्याकाळी ती खिडकी बंद व्हायच्या आत.” मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “वर्णन रिकामं असलेले जेवढे हिरवे गेलेत ते सगळे काढायला लावतो मी त्याला. इथून हलत नाही तो कामाला लागेपर्यंत. तू तुझं बघ.”

ती म्हणाली, “नव्या आवृत्तीतून ‘सांभाळून’ काढून टाक.”

“नाव बदलू. ‘गिळून’ करू.”

“नाव नको नि काही नको. ते दारच नको. ज्याला अडलेलं लपवायचंय त्यानं स्वतःच्या हातानं, लांबलचक, ओळीनं लिहावं. आपण आयतं नाही द्यायचं.” आवाज नेहमीसारखाच हळू होता. पण या वेळी पंतोजीनं हात वर केले नाहीत, फक्त मान हलवली आणि लिहायला बसला.

ताईच्या सहीसाठी संमतीचा कागद छापून, पिशवीत घालून ती तिच्याकडे निघाली तेव्हा दुपार कलत होती. आणि वाटेत, चालता चालता, तिच्या मनानं आपणहून ती युक्ती काढली. काढली कसली, ती आधीपासून तयारच होती, शिवून, घडी घालून ठेवल्यासारखी. ताईला कशाला सांगायचं? विम्याच्या कागदावर सही हवी आहे म्हणायचं. ताई कागद वाचत नाही, कधीच वाचत नाही, चष्मा कुठे ठेवलाय म्हणते आणि करून टाकते सही. मग जाऊन काच बघायची. चांगलं निघालं तर कोणाला काही कळायलाच नको. वाईट निघालं तर… तर तेव्हा बघू. बिचारीला एक दिवस तरी मिळेल. एक दिवस हसली तर कोणाचं काय जातंय? हे सगळं इतकं मायेचं होतं, इतकं ओळखीचं होतं, की धाकटीला आपलं पाऊल हलकं झाल्यासारखं वाटलं. ती ताईच्या इमारतीच्या दाराशी पोहोचली तेव्हा तिच्या तोंडात वाक्य तयार होतं. ताई, एक सही हवी होती.

दार उघडंच होतं. ताई स्वयंपाकघरात खाली बसून शेंगा निवडत होती, पिवळी फुलं पाण्याच्या तांब्यात ओट्यावर. आतल्या खोलीत भावोजी फोनवर होते, त्यांचा आवाज भिंतीतून फुटून येत होता, “अगं हो, एकदम हिरवा, तुझी आई तर नाचतच आली घरी.” ताईनं मान वर केली. “आलीस? बस. हे सकाळपासून फोनला चिकटलेत. मी म्हटलं, अहो, वर्तमानपत्रात छापा ना एकदाच. तर म्हणतात, त्यात तुझा फोटो चांगला येणार नाही.” ती हसत होती. शेंगांचे दोर काढून बाजूला टाकत होती, सफाईनं, न बघता.

“ताई, एक सही हवी होती.”

“कशाला?”

साधा प्रश्न. तिनं हात पुसून कागद घ्यायला पुढेही केला होता, चष्म्यासाठी इकडे तिकडे बघत होती. एक शब्द पुरला असता. विम्यासाठी. धाकटीच्या जिभेवर तो शब्द होता, गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेल्या पायरीसारखा, आणि त्याच्यावर पाय ठेवला की आपोआप खाली जाता आलं असतं. पण ताईचा हात पुढे होता. बोटांना शेंगांचा हिरवा डाग लागला होता. त्या हाताला काहीच माहीत नव्हतं. तो विश्वासानं पुढे आला होता, आणि तिनं त्यात जे ठेवलं असतं ते त्यानं घेतलं असतं. आईच्या शेवटच्या दिवसांत ताई अशीच स्टेशनवरून घरी आली होती, हातात परीक्षेची वही, आणि धाकटीनं दार उघडलं होतं, आणि काय बोलायचं ते शपथेमुळे बोलता आलं नव्हतं. आज कोणाची शपथ नव्हती. आज ती स्वतःच होती, दुसरं कोणी नव्हतं.

“ताई, तुझा रिपोर्ट कदाचित कोणी वाचलेलाच नाही.”

ताईचा हात तसाच राहिला. “म्हणजे?”

“नमुना वाचणाऱ्या यंत्राकडून उत्तर आलं नसेल तरी ती चौकट हिरवी दिसते. तुझी वर्णनाची चौकट पण रिकामी होती. ती रिकामी नसते.”

“म्हणजे आहे?”

“माहीत नाही.”

“म्हणजे नाही?”

“माहीत नाही, ताई.”

“मग तुला माहीत काय आहे गं?” आवाज चढला नव्हता, आणि ते जास्त भीती वाटण्यासारखं होतं.

“एवढंच, की काही न कळलेलं आणि काही नसलेलं, दोन्ही तिथे सारखंच दिसतं. आणि तसं दिसू शकतं ती सोय मी केलेली आहे. माझ्या हातची आहे.”

आत भावोजी मोठ्यानं हसले. ताईनं हात मागे घेतला. एक शेंग उचलली, मोडली, दोर काढला, पुन्हा मोडली, इतके बारीक तुकडे की कामाचे राहिले नाहीत. धाकटी खाली बसली नाही. बसायची परवानगी नाही असं तिला वाटलं. नळाच्या तोटीला एक थेंब जमत होता, फुगत होता, पडत नव्हता.

“सकाळी कळलं तुला. तिथेच.”

“हो.”

“मी पायऱ्यांवरून उड्या मारत होते तेव्हा.”

“हो.”

“दिवसभर मी गावाला फोन केले. शेजारणीला मिठी मारली, जिच्याशी मी बोलत नाही तिला. लेकीला म्हटलं, तिकिटं रद्द कर, यायचं काही कारण नाही. आणि तू ते होऊ दिलंस.” ताईनं तिच्याकडे बघितलं, आणि धाकटीनं नजर खाली घातली नाही, जमिनीकडे बघत बोलायची सवय होती तरी. “तुम्ही सगळे ना,” ताई हळूच म्हणाली, आणि ते वाक्य तिनं पुरं केलं नाही. ‘सगळे’ म्हणजे कोण, ते दोघींना कळलं. मग तिनं चष्मा शोधला, तो तिच्याच डोक्यावर होता, डोळ्यांवर ओढला आणि म्हणाली, “आण इकडे.”

तिनं कागद वाचला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदा एखादा कागद वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत वाचला. सही केली. कागदावर बोटाचा हिरवट डाग उमटला. कागद देताना मात्र तिनं लगेच सोडला नाही, दुसरं टोक धरून ठेवलं.

“तिथून फोन करायचा नाही.”

“नाही करत.”

“वाटेत कुठे बसून रडून, तोंड धुऊन यायचं नाही. मला कळतं ते. सरळ इथे यायचं, इथे, माझ्यासमोर बसायचं, आणि जे काय असेल ते सांगायचं. जसं असेल तसं. काच सापडली नाही, हेही असेल तर तेही.”

“सांगेन.”

“कबूल?”

“कबूल.”

ताईनं कागद सोडला. धाकटीनं तो पिशवीत घातला, दाराशी येऊन चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात भावोजी बाहेर आले, फोन कानापासून जरा लांब धरून, त्यातून लेकीचा बारीक आवाज अजून येत होता. “अरे, आलीस आणि लगेच निघालीस? जेवून जा की. आज आम्ही कोणालाच उपाशी जाऊ देत नाही. कुठे चाललीस?”

धाकटी थांबली. उत्तर तिचं नव्हतं. ताई हळूहळू उठली, गुडघ्यावर हात टेकून, मांडीवरचे शेंगांचे दोर झटकले नाहीत, ते उठताना खाली पडले.

“इस्पितळात चाललीय,” ती म्हणाली. “रिपोर्ट नीट वाचलेला नाही. आपल्याला अजून काहीही माहीत नाही.”

भावोजींच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं, वापर संपलेल्या वस्तूसारखं. फोनमधून आवाज आला, बाबा? काय म्हणतेय आई? ताईनं त्यांच्या हातातून फोन घेतला, खुर्ची पुढे ओढली, बसली आणि म्हणाली, “हां, बोलते मी. ऐक, तिकिटं रद्द केलीस का गं?”

धाकटीनं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जिना उतरून रस्त्याला लागली.